बिल आलं की करू

आंबोलीच्या डोंगरात उगम पावलेली हिरण्यकेशी गडहिंग्लजच्या बाजूनं उतरत संकेश्वरला येते, तेव्हा तिच्या काठानं नजर जाईल तिथवर ऊस दिसतो. गाव बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यात, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून. शंकरलिंगाचं देऊळ, शंकराचार्यांचा मठ, तिखटजाळ मिरची आणि नदीच्याच नावाचा सहकारी साखर कारखाना ही त्याची ओळख. इथला माणूस कन्नड आणि मराठी एका दमात बोलतो. इथलं वर्ष पाडव्याला सुरू होत असलं, तरी घरातले बेत ऊसबिलावर बांधलेले असतात. बिल आलं की ठिबक करायचं. बिल आलं की पोरीच्या नावानं ठेव टाकायची. बिल आलं की हातउसने फेडून मोकळं व्हायचं. कुणी आठवण केलीच तर उत्तर ठरलेलं, "बिल येऊ दे की ओ, मग बघूया."

हंगाम येतो. तोडकऱ्यांच्या टोळ्या फडात शिरतात, ट्रॉल्यांच्या रांगा कारखान्याच्या दाराशी लागतात आणि काही दिवसांनी बिल खात्यावर पडतं. सोसायटीचं कर्ज वजा होतं, घरातलं लग्न उरकतं, दवाखान्याचं जुनं देणं भागतं, एखादी मोटारसायकल येते. ठिबक राहतं. ठेवही राहते. पुढच्या पावसाळ्यात तोच बेत त्याच घरात पुन्हा बोलला जातो आणि तितक्याच मनापासून बोलला जातो.

हे 'मनापासून' नीट लक्षात घ्यायला हवं. ठरवलेलं पार न पडणाऱ्या माणसाबद्दल आपण फार लवकर निकाल देतो. आळशी आहे, बोलघेवडा आहे, शब्दाचा पक्का नाही. माझं मत असं की, हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि तो चुकीचा असल्यामुळेच आपण स्वतःला आणि आपल्या माणसांना मदत करू शकत नाही. बेत करणारा माणूस खोटं बोलत नसतो. अडचण अशी की बेत एका वेळी होतो आणि तो पार पाडायची पाळी दुसऱ्या वेळी येते. त्या दुसऱ्या वेळी माणसाची भूक, घाई, खिसा आणि समोर बसलेली माणसं, सगळंच बदललेलं असतं.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांकडून मिळाला. पश्चिम केनियात मका पिकवणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांना खताचा फायदा त्यांच्याच रानात करून दाखवला गेला होता. पुढच्या हंगामात खत वापरणार का, असं विचारल्यावर ९७.७ टक्के शेतकरी 'हो' म्हणाले. प्रत्यक्षात वापरलं ३६.८ टक्क्यांनी. एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचं कारण शोधलं. डुफ्लो आणि क्रेमर यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या शेतकऱ्यांना खताचं महत्त्व पटलेलं होतं. कापणी झाली की हातात पैसेही असत. पण खत लागणार पुढच्या पेरणीला, मग आजच दुकानापर्यंतची पायपीट कशाला? उद्या जाऊ. तो उद्या दररोज एकेक दिवस पुढे सरकत राही आणि पेरणी दारात येईपर्यंत पैसे संपलेले असत.

मग संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. कापणी झाल्याबरोबर, पैसे हातात असतानाच, माणूस दारात पाठवला. 'आत्ता पैसे भरा, पेरणीच्या वेळी खत घरपोच मिळेल,' एवढंच. सवलत म्हणाल तर फक्त पोहोचवण्याच्या खर्चाची. खत वापरणाऱ्यांची संख्या लक्षणीय वाढली. पेरणीच्या वेळी खताची किंमत निम्म्यावर आणली असती तर जितका फरक पडला असता, जवळजवळ तितका फरक या लहानशा सवलतीनं पडला. सरकारी अनुदानाच्या चर्चा आपण वर्षानुवर्षं ऐकतो. त्यात 'केव्हा' हा प्रश्न क्वचितच ऐकू येतो. केनियातल्या शेतकऱ्याला पैशांपेक्षा योग्य दिवशी दारात उभा राहिलेला माणूस जास्त उपयोगी पडला.

आता उसाकडे येऊ, कारण उसावरच झालेला एक अभ्यास आपल्या भागाला फार जवळचा आहे. आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या ५४ गावांमधल्या ४६४ ऊस उत्पादकांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या. एकदा तोडीच्या आधी, हात आखडलेला असताना, आणि पुन्हा तोडीनंतर, पैसे आल्यावर. माणूस तोच, शिक्षण तेवढंच, शेतही तेच. तरी तोडीआधीच्या चाचण्यांत तोच शेतकरी मागे पडला. लक्ष कमी टिकलं, कोडी सुटायला जड गेली. २०१३ मध्ये हे संशोधन 'सायन्स' या नियतकालिकात आलं. त्यातल्या आकडेमोडीवर काहींनी आक्षेपही घेतले आणि त्यावर वाद झाला. पण ज्यानं आडसाली उसात दीड वर्ष पैसा अडकवून ठेवला आहे, त्याला यातलं मूळ म्हणणं समजावून सांगायची गरज पडणार नाही. औषधाचं बिल, शाळेची फी, मजुरीची उधारी डोक्यात एकदम फिरत असतात तेव्हा दूरचं आठवत नाही. आठवलं तरी त्याच्यामागे लागायची ताकद उरलेली नसते. गरिबाला शिस्त नाही, असं म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास एकदा समजून घ्यावा. शिस्तीलाही सवड लागते, आणि सवड ही पैशानं मिळणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे.

तिसरं कारण गरीब-श्रीमंत सगळ्यांना लागू आहे. ते म्हणजे आपल्या कामाचा आपण बांधलेला अंदाज. घर बांधायला काढलं की वास्तुशांतीचा मुहूर्त आपण सगळं सुरळीत होईल असं धरून सांगतो. गवंडी वेळेवर येईल, वाळू मिळेल, सेंट्रिंगचं सामान दुसरीकडे अडकणार नाही. १९९४ साली रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर किती, असंही विचारलं. उत्तर आलं सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ दिवसांच्या वर. स्वतःच कल्पिलेल्या सर्वांत वाईट परिस्थितीपेक्षाही जास्त!

यातली ओळखीची गोष्ट अशी की, दुसऱ्याचं काम कधी होईल हे सांगताना आपण सगळं सुरळीत होईल असं धरत नाही. शेजाऱ्याचा स्लॅब पावसाळ्याआधी पडणार नाही हे आपल्याला दिसतं, कारण गल्लीतली गेल्या दहा घरांची हकिगत आपल्यासमोर असते. स्वतःच्या घराची वेळ आली की ती हकिगत विसरून आपण फक्त नकाशा पाहतो. म्हणून वेळेचा शब्द देताना एकच प्रश्न पुरतो, यापूर्वी असल्या कामाला मला खरोखर किती दिवस लागले होते? तो आकडा सांगायला लाज वाटते, ऐकणाऱ्यालाही तो आवडत नाही. पण तोच खरा असतो.

इथपर्यंत मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र. पण संकेश्वर, निपाणी, चिकोडी, गडहिंग्लज या पट्ट्यात हिंडताना जाणवतं की, माणूस स्वतःच्या शब्दाला पुरा पडत नाही हे इथल्या लोकांना फार पूर्वी उमगलेलं आहे. त्यांनी मनोनिग्रहावर प्रवचनं दिली, तशी शब्द सांभाळायची बाहेरची व्यवस्थाही उभी केली. ती व्यवस्था मला प्रवचनांपेक्षा मोठी वाटते.

सर्वांत रोजची व्यवस्था म्हणजे पिग्मी. सीमाभागातल्या कुठल्याही बाजारपेठेत संध्याकाळच्या सुमारास खांद्याला बॅग, हातात छोटं यंत्र घेतलेला एक माणूस दुकानामागून दुकान करत जाताना दिसतो. भाजीवाली, चप्पल शिवणारा, मिरचीच्या पोत्यांशी बसलेला अडत्या, चहाच्या गाड्यावरचा पोरगा. "मावशी, आज किती लिहू?" मावशी गल्ल्यातून पन्नास-शंभर काढून देते, यंत्रातून चिठ्ठी बाहेर येते, माणूस पुढे सरकतो. अर्ध्या मिनिटाचं काम. या अर्ध्या मिनिटाचा इतिहास १९२८ पर्यंत मागे जातो. त्याच्या तीन वर्षं आधी उडुपीत उपेंद्र अनंत पै, वामन कुडवा आणि डॉ. टी. एम. ए. पै यांनी 'कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट' ही लहानशी बँक काढली होती, मुख्यतः अडचणीत आलेल्या विणकरांसाठी. १९२८ मध्ये त्यांनी पिग्मी ठेव सुरू केली. बँकेचा माणूस रोज दारात यायचा आणि दोन आण्यांपासून पैसे न्यायचा. तीच पुढे सिंडिकेट बँक झाली, आणि २०२० च्या १ एप्रिलला ती कॅनरा बँकेत विलीन झाली. पण तोवर पिग्मी हा शब्द बँकेच्या नावापासून सुटून कर्नाटकात आणि दक्षिण महाराष्ट्रात घरोघरी झाला होता. पतसंस्थांनी ती उचलली. कित्येक घरांत आज 'बचत' याचा अर्थच पिग्मी.

हिशेबी माणसाला पिग्मी पटणार नाही. मुदत ठेवीपेक्षा व्याज कमी, आणि मुदतीआधी पैसे काढले तर तेही कापलं जातं. मग बाजारातली मावशी शेजारच्या बँकेत स्वतः का जात नाही? कारण ती जाणार नाही, हे तिला ठाऊक आहे. विजयवाड्याच्या झोपडपट्टीतली अशीच एक पद्धत स्टुअर्ट रदरफर्ड यांनी नोंदवली आहे. तिथे पैसे गोळा करणारी बाई २२० चौकटींचं कार्ड देई. दररोज पाच रुपये, एक चौकट. कार्ड भरलं की जमा झालेल्या ११०० रुपयांतले १००० परत द्यायची आणि १०० आपली मजुरी म्हणून ठेवायची. व्याज मिळणं दूरच, बचत करणाऱ्या बायका बचतीसाठी पैसे मोजत होत्या. आणि त्या खूश होत्या, कारण हातात एकरकमी हजार रुपये येत होते, ते घरात डब्यात ठेवून कधीच साठले नसते. मावशी व्याज सोडते ते अडाणीपणानं नाही. रोज दारात येऊन 'आज किती लिहू' असं विचारणारा माणूस तिला हवा असतो, आणि त्याची किंमत ती व्याजातून देते. या माणसांच्या कामाचं मोल करताना मात्र आपण हात आखडता घेतला. बँकेसाठी ठेवी गोळा करणारे कामगार आहेत की नाहीत, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ते कामगार आहेत असा निकाल यायला २००१ साल उजाडलं.

पिग्मीचं जे काम माणूस करतो, ते फिलिपिन्समध्ये एका बँकेनं कुलपानं करून पाहिलं. नवा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी मिंडानाओ बेटावरच्या ग्रीन बँकेच्या ग्राहकांपुढे एक खातं ठेवलं. ठरलेली तारीख किंवा ठरलेली रक्कम येईपर्यंत स्वतःचेच पैसे स्वतःला काढता येणार नाहीत. व्याज साध्या खात्याइतकंच. असलं खातं कोण उघडेल? २८ टक्के लोकांनी उघडलं. वर्षअखेर, ज्यांच्यापुढे हा पर्याय ठेवला होता त्या सगळ्यांच्या शिलकीतली वाढ इतरांपेक्षा सरासरी ८१ टक्केबिंदूंनी पुढे होती. 'आज कमी घेईन, पण आजच दे' अशा स्वभावाच्या बायकांनी हे खातं जास्त उघडलं. आपली खोड ओळखणारा माणूस दुबळा नसतो, हे या बायकांनी दाखवून दिलं.

भिशीचंही तेच. बारा जणी, दर महिन्याला हजार, एक चिठ्ठी. पहिल्या महिन्यात चिठ्ठी लागली तिला बिनव्याजी कर्ज मिळालं. शेवटी लागली तिनं वर्षभर बिनव्याजी पैसे दुसऱ्यांना वापरायला दिले. तरी शेवटची बाई तक्रार करत नाही, कारण तिचे बारा हजार शाबूत राहिले. नैरोबीच्या किबेरा वस्तीतल्या अशाच मंडळांचा अभ्यास सिवान अँडरसन आणि जाँ-मारी बालाँ यांनी केला आणि २००२ मध्ये मांडला. त्यांना दिसलं की, नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बायका अशा मंडळांत अधिक असतात. घरात ठेवलेल्या पैशावर नवऱ्याचा हात पडण्याआधी तो बाहेर सुरक्षित जाऊन बसतो. आपल्याकडच्या बायकांना हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागला नाही. "भिशीचे द्यायचे आहेत" हे वाक्य घरात एक ढाल असतं. 'मला साठवायचे आहेत' म्हटलं तर वाद होतो. 'अकरा जणींचे द्यायचे आहेत' म्हटल्यावर वाद उरत नाही.

ऊसबिलातली कपात हीही याच घराण्यातली. पीककर्ज काढताना शेतकरी सोसायटीला लिहून देतो आणि बिलातून कर्जाची रक्कम परस्पर वळती होते. शेतकरी यावर कुरकुरतो, आणि कपात अन्यायाची असेल तर कुरकुरायलाच हवं. पण बिलावर बांधलेल्या सगळ्या बेतांपैकी हमखास पार पडतो तो हाच एक, कारण तो पार पडावा म्हणून त्या दिवशी कुणाला काही ठरवावं लागत नाही. सहकाराचा हा संस्कार या मातीत जुना आहे. १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा झाल्यावर देशातली पहिली शेतकरी पतसंस्था १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळ गावात सिद्धनगौडा पाटील यांनी उभी केली. शेजारी शेजाऱ्याला ओळखतो आणि म्हणून त्याचा शब्द सांभाळला जातो, हा त्या संस्थेचा पाया. हुक्केरी तालुक्यानं १९६९ मध्ये त्याच विश्वासावर ग्रामीण वीज सहकारी संस्था काढली. देशात प्रयोग म्हणून निघालेल्या पहिल्या पाच वीज संस्थांपैकी ती एक.

इथे एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. शब्द मोडतो तो फक्त लहान माणसाचाच, असं नाही. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत कारखान्यानं पैसे द्यायचे असतात, आणि उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. बाकीच्या वर्षभराचे बेत ज्या बिलावर उभे आहेत ते बिलच महिनोन् महिने थकलं, तर शेतकऱ्याच्या घरातले सगळे शब्द एकदम कोसळतात, आणि दोष मात्र त्याच्या स्वभावाला दिला जातो. थकीत बिलांसाठी या पट्ट्यात आणि कोल्हापुरात किती वेळा रस्त्यावर उतरावं लागलं! पतसंस्था बुडाली की पिग्मी भरणाऱ्या मावशीचं तेच होतं. रोजच्या रोज दिलेला तिचा शब्द तिनं पाळलेला असतो; मोडलेला असतो तो दुसऱ्यांनी. माणसाला शब्द सांभाळायला व्यवस्था लागते, असं म्हटलं की त्या व्यवस्थेवर कडक लक्ष ठेवणं ओघानंच आलं.

पैशाच्या पलीकडची व्यवस्था म्हणजे तुळशीची माळ. या भागातून पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्यांमध्ये शेतकरी असतात, सुतार-गवंडी असतात, निवृत्त शिक्षक असतात, आणि यातल्या बऱ्याच जणांनी मोठ्या वारकऱ्याच्या हातून माळ घातलेली असते. मांस-मद्य बंद, एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही. मला यात सर्वांत विलक्षण वाटतं ते असं की, माळ जितकी गळ्यात असणाऱ्यावर काम करते तितकीच समोरच्यावर करते. जत्रेच्या जेवणात माळकऱ्याच्या ताटात रस्सा वाढायला कुणी येत नाही. त्याला कुणी 'एक घे की' म्हणत नाही, लग्नाच्या वरातीतही नाही. त्याचं वेगळं ताट आधीच ठरलेलं असतं, आणि यजमानीणच लक्ष ठेवते की पळी वेगळी राहावी. म्हणजे मोह त्याच्यासमोर येण्याआधीच गावानं तो वाटेत अडवलेला असतो. दारू सोडायची शपथ मनातल्या मनात घेणारा माणूस रोज संध्याकाळी एकटा लढतो. माळकऱ्याच्या वाट्याला ती लढाई क्वचितच येते, कारण ती त्याच्या वतीनं साऱ्या गावानं आधीच लढलेली असते.

एकट्यानं जे टिकणार नाही ते हजारोंत टिकतं, याचा निपाणीएवढा मोठा दाखला या भागात दुसरा नाही. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी बायका-मुलं, बैलगाड्यांसह पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ बसून राहिले. शेवटी ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मारले गेले. उन्हाळ्याच्या तोंडावर, घरी कामं पडलेली असताना, रोज सकाळी प्रत्येकानं एकट्यानं 'आजही बसायचं का' हे ठरवायचं असतं, तर आठवडाही निभला नसता. शेजारी भाकरी भाजणारी बाई उठली नाही, म्हणून पलीकडचा उठला नाही.

पण चार लोकांना सांगणं आणि चार लोकांत बांधलं जाणं यात फरक आहे. 'उद्यापासून पहाटे पाचला उठणार' असं व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला टाकणारे पुष्कळ असतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. ज्यांचा चांगला वकील होण्याचा निश्चय दुसऱ्या कुणी वाचून नोंदवला, त्यांनी पुढे अभ्यासावर कमी वेळ घालवला. जाहीर केल्यानंच थोडं साधल्यासारखं वाटतं. माळ किंवा भिशी असं काही देत नाही. कौतुक बेताचं आणि हिशेब रोजचा.

याच गोलवित्झरांचा आणखी एक प्रयोग कामाचा आहे. १९९७ मध्ये वेरोनिका ब्रांडश्टेटर यांच्यासह त्यांनी विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक लहानसं टिपण लिहून दोन दिवसांत पाठवायला सांगितलं. अर्ध्यांना आधीच लिहून द्यायला लावलं, कधी लिहीन आणि कुठे बसून लिहीन. त्या अर्ध्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी टिपण वेळेत पाठवलं. उरलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांनी. इच्छा दोघांची सारखीच होती. 'बिल आलं की ठिबक करू' यात वेळ आहे असं वाटतं, पण नाही. 'बिल जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाला, धाकट्या भावाला घेऊन ठिबकवाल्याच्या दुकानात जाऊन आगाऊ रक्कम भरणार' यात वेळ आहे, जागा आहे आणि साक्षीदारही आहे. येरवड्याच्या तुरुंगातून १९३० मध्ये आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी व्रतावर लिहिताना 'शक्य तोवर करीन' या शब्दांवर बोट ठेवलं होतं; असं म्हणणारा आपला दुबळेपणा किंवा अहंकार उघड करतो, असं त्यांचं म्हणणं. कठोर वाटतं, पण 'शक्य तोवर' म्हटलं की सुटकेची वाट आधीच आखलेली असते, हे खरंच आहे.

एवढं सगळं मांडल्यावर सर्वांत अवघड शब्दाकडे आलं पाहिजे, आणि तो निपाणीच्या परिसरात टाळता येणार नाही. तंबाखू सोडण्याचा शब्द. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातले २८.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. त्यांत धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के आणि तंबाखू खाणाऱ्यांपैकी ४९.६ टक्के लोक सोडायच्या विचारात होते किंवा तसं ठरवत होते. म्हणजे चुना मळता मळता निम्मी माणसं सोडायचं म्हणत असतात. इथे निकोटिन शरीरालाच पकडून ठेवतं, त्यामुळे नुसता निर्धार पुरत नाही. फिलिपिन्सच्या त्याच बँकेत सिगारेट सोडू इच्छिणाऱ्यांना एक करार दिला गेला. सहा महिने स्वतःचे पैसे भरत राहायचे. शेवटी लघवीच्या तपासणीत निकोटिन सापडलं तर सगळे पैसे दानात जाणार. फक्त ११ टक्क्यांनी तो करार घेतला. पण ज्यांच्यापुढे करार ठेवला होता त्यांत सोडणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा शेकड्यामागे सुमारे तीनांनी जास्त निघालं, आणि वर्षानंतर अचानक केलेल्या तपासणीतही तो फरक टिकला होता. फरक लहान आहे. तरी ज्या सवयीपुढे मोठमोठे निर्धार हरले, तिथे तोही मला मोलाचा वाटतो.

ज्याच्या घरात असा माणूस आहे त्यानं 'कितीदा सांगितलं तुला' हे आता थांबवावं. त्याला पान-चुन्याच्या डब्याशिवाय बसता येईल असा एखादा कट्टा आणि दोन मित्र मिळवून द्यावेत. कामाच्या ठिकाणी त्याच्यासमोर कुणी मळू नये एवढी व्यवस्था करावी. आणि तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र सरकारनं चालवलेली मोफत दूरध्वनी सेवा त्याच्या फोनमध्ये आजच नोंदवून द्यावी. क्रमांक आहे १८००-११-२३५६. पहिला फोन त्याच्याशेजारी बसून लावावा, आणि पुढचा कधी करायचा तो दिवस आणि ती वेळ फोन ठेवण्याआधीच ठरवून घ्यावी.